डाव्या दिव्यातली वाफ

पांढऱ्या गाडीचा आवाज मिलोय्को मिस्त्रीनं लांबूनच ओळखला आणि हातातला पाना खाली ठेवला. गाडी ओग्न्येनची. ओग्न्येनला जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. चालवत होती त्याची आई कोसारा, काळा रुमाल पार कपाळापर्यंत ओढून.

"डाव्या दिव्यात वाफ धरते रे," ती उतरत म्हणाली. "बघ जरा. मला घाई नाही. बसते मी इथंच."

आणि बसलीच की, जुन्या टायरांच्या चवडीवर. आता तिला ऊठ म्हणायची छाती कुणाची?

आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक आहे. संत निकोला त्यांच्या घराण्याचा संत, त्याच्या सणाला ओग्न्येन शहरातून घरी यायला निघाला. घाटात धुकं दाटलं. गाडी कडेला लावून तो खाली उतरला आणि ट्रकनं त्याला उडवलं. गाडीला साधा ओरखडा नाही! त्याच्या हातात फडकं होतं म्हणे. भर धुक्यात फडकं घेऊन हा रस्त्यावर उतरला कशाला, ते पोलिसांना कळलं नाही, पाद्र्याला कळलं नाही. मिलोय्कोला मात्र ऐकताक्षणी कळलं. दिवा पुसायला उतरला होता बिचारा. पण वाफ काचेच्या आत. बाहेरून पुसून ती काय डोंबल जाणार?

सणाच्या आदल्या दिवशीच, कामासाठी शहरात परत जाण्याआधी, ओग्न्येन गाडी घेऊन त्याच्याकडे आला होता. दिवा काढायचा, काच सोडवायची, चीर शोधून बुजवायची, नीट वाळवायचं, हे दिवसभराचं काम. पण संत निकोला मिलोय्कोच्याही घरचा. सणाच्या जेवणाचे मासे आणायचे राहिले होते, बायकोचे फोनवर फोन. त्यानं ड्रायरनं वरवर सुकवलं आणि दिव्याच्या मागं हवा खेळायला बारकी नळी असते, तिच्यातच सिलिकॉनचा बोळा कोंबला. "आता थेंब जायचा नाही," म्हणाला. नळी बुजली की दमटपणा आतच कोंडतो, हे त्याला तेव्हाही पक्कं माहीत होतं. आजचं मरण उद्यावर ढकललं, दुसरं काय!

तेव्हापासून दाढी करताना आरशावर वाफ धरली, तरी ती पुसायला त्याचा हात उचलत नव्हता.

त्यानं ड्रायर लावला. काच लख्ख झाली. पाना घ्यायला वळला नि परत बघतो, तर खालच्या कोपऱ्यातून वाफ पुन्हा चढत होती, आत कुणी तोंड लावून श्वास सोडावा तशी.

"आली बघ परत," कोसारा म्हणाली.

त्यानं पुन्हा सुकवलं. ती पुन्हा आली.

"अरे, मागून उघड की. पुढून किती फुंकशील?"

त्यानं दिवा बाहेर काढला. मागं बोळा तसाच होता. त्यावर त्याच्याच अंगठ्याचा ठसा उठला होता.

"ते काय आहे?"

कचरा आहे, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. गावात कुणालाही जन्मात पत्ता लागला नसता. पण त्याच्या तोंडून तो शब्द निघेना.

"माझं पाप आहे, मावशी," तो म्हणाला आणि मग सगळं भडाभडा बोलून गेला. मासे, घाई, बोळा, थाप, सगळं. "तो हेच पुसायला उतरला. मी मारलं त्याला. थोबाडीत मार माझ्या, पोलिसांत दे, काय वाटेल ते कर."

कोसारानं कपाळावरचा रुमाल मागं सारला.

"घाटातून फोन आला होता त्याचा. 'आई, डावीकडचं काही दिसत नाही, इथंच लॉजवर मुक्काम करतो, सकाळी येतो.'"

मिलोय्कोनं हातातला दिवा जमिनीवर ठेवला.

"मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, बाप गेल्यावर घरचा कर्ता तू. पाहुणे ताटकळलेत. तू नाही आलास तर सणाचा पाव कोण कापणार? नखरे पुरेत. दिवा पूस आणि नीघ, म्हटलं. मीच म्हटलं रे. पाद्र्यालासुद्धा सांगितलं नाही मी हे."

मिलोय्को तिच्या शेजारी टायरांवर बसला. ती सरकली नाही. दिवा जमिनीवर उघडा पडला होता आणि तो बसवायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.