मागच्या दारचा कप

बालमित्रांनो, मी एक कप आहे. जुना, पांढरा, निळ्या फुलांचा आणि कान तुटलेला. पण माझी कहाणी ऐकून हळहळू नका, हळहळ मला नकोच आहे. मला किळस आली आहे आणि ती एकदाची सांगून टाकायची आहे.

गुजरातेतल्या एका कारखान्यात आम्ही सहा भाऊ एकाच भट्टीतून निघालो. सरलाबाईंनी आम्हाला वापीच्या बाजारातून डहाणूला आणले आणि काचेच्या कपाटात मांडले. त्यांचे यजमान श्यामकांतराव रेल्वेत आहेत. घर स्टेशनजवळ, अंगणात चिकूचे झाड, सगळे कसे नीटनेटके. पाहुणे आले की आमचे कौतुक व्हायचे. मग एकदा विसळताना सरलाबाईंच्याच हातून मी नळावर आपटलो आणि माझा कान गेला. वाटले, आता कचऱ्यात जाणार. तसे झाले असते तर किती बरे झाले असते!

पण या घरात काही वाया जात नाही. माझी रवानगी मागच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर झाली. तिथे फिनेलची बाटली, झिजलेला काथ्या, साबणाचे चिकट तुकडे आणि पालीच्या लेंड्या. माझ्यातून चहा प्यायची ती नवशी. ती जवळच्या पाड्यावरून धुण्याभांड्याला येते. घरातली सगळी ताटे-वाट्या तिच्याच हातांनी स्वच्छ होतात, पण तिला चहा द्यायचा तो माझ्यातच. तोही सरलाबाई हातभर उंचीवरून ओतायच्या, पातेल्याची कड मला शिवू नये म्हणून. चहा कट्ट्यावर उडायचा. आणि वर गोड आवाजात विचारायच्या, साखर पुरे ना ग? शी!

मग श्यामकांतरावांनी वरची खोली भाड्याने द्यायचे ठरवले. कोसबाडजवळच्या एका शेतीसंस्थेत परदेशातून एक मुलगी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला येणार होती. परदेशातून! सरलाबाईंनी पडदे बदलले, नवे मग आणले आणि शेजारणींना सांगून सांगून नको केले. मग एके दिवशी रिक्षातून नेमा उतरली. टांझानियाची, शिक्षण नुकतेच संपलेली, काळी, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली. तिने हात जोडून नमस्कार केला. मागच्या दारातून पुढचे दार सरळ दिसते, म्हणून सरलाबाईंचा पडलेला चेहरा मलाही दिसला.

नवे मग खोक्यातच राहिले. श्यामकांतराव हळूच म्हणाले की हिचे जरा वेगळे ठेव. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि सरलाबाईंनी विचारले नाही. मला घासून नेमाला देण्यात आले. वापरून झाल्यावर मात्र पुन्हा मागच्या कट्ट्यावरच ठेवायचे, असा नियम. नवशीला श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा मिळाला. गरम चहाने तो मऊ पडायचा आणि तिची बोटे भाजायची.

नेमाला इथे रुळायचे होते, अगदी मनापासून. बाजारात लोक न विचारता तिचे फोटो काढायचे. जीपमध्ये तिच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. पोरे वेण्या ओढून पळायची. ती हसून सोडून द्यायची. तिखट आमटीने डोळ्यांतून पाणी आले तरी पुन्हा वाढून घ्यायची. कट्ट्यावर नवशीशी गप्पा मारून मारून ती मराठी शिकली. एका संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिने मला फोनसमोर धरले आणि काहीतरी आनंदाने सांगितले. तिची भाषा मला कळत नाही, पण खाली येऊन तिने तेच नवशीला मोडक्या मराठीत सांगितले. म्हणाली, या घरात माझा स्वतःचा कप आहे. आंटी दुसऱ्या कुणाला त्यात पिऊ देत नाहीत. आणि चहा कसा उंचावरून धार धरून ओततात, माझा मान म्हणून. आता आई म्हणते, माझी काळजी मिटली, तुला तिथे घर मिळाले.

नवशी पातेले घासत राहिली. आणि मी? त्या मुलीचे ओठ रोज माझ्या कडेला लागायचे आणि मला माझीच घाण वाटायची.

एके दिवशी सरलाबाईंचे थोरले भाऊ दिपकभाऊ बोर्डीहून आले. बोर्डीला त्यांची चिकूची वाडी आहे, फार मानाचे पाहुणे. सरलाबाई दळण आणायला गेल्या होत्या. श्यामकांतरावांना पाहुण्यांसमोर परदेशी इंटर्न मिरवायला आवडायचे, म्हणून त्यांनी नेमाला बोलावून ओळख करून दिली. नेमा हरखली. घरच्या मुलीसारखी स्वयंपाकघरात गेली, आले-वेलची घालून चहा केला. मला लख्ख घासून पुसून दिपकभाऊंपुढे ठेवले आणि हातभर उंचीवरून धार धरली. एक थेंब सांडला नाही. बिचारीने किती सराव केला असेल!

दिपकभाऊंनी माझा तुटका कान पाहिला, वरून पडलेली धार पाहिली. याचा अर्थ इकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी मला एका बोटाने दूर सारले. तेवढ्यात दारात सरलाबाई पिठाचा डबा घेऊन उभ्या.

"सरले, हा मागच्या दारचा कप ना ग?"

"अरे दादा, तिला काय कळतंय! नवशीचा होता, तो हिला दिलाय. तुला कशी देईन मी यात?"

सरलाबाई घाईत बोलून गेल्या, आणि नेमाला आता मराठी समजत होती. श्यामकांतराव इंग्रजीत काहीतरी गुळमुळीत बोलू लागले, गैरसमज, स्वच्छता, असे काही. नेमाने पातेले खाली ठेवले. चहासकट मला उचलून ती मागच्या दारी आली. नवशी भांडी घासत होती.

"नवशीताई, हा तुझा होता?"

"होता."

"मी घेतला. मला माफ कर."

नवशीने राखेचे हात पदराला पुसले. "तुला सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू तुझ्या आईला दाखवलास ना, मग माझ्यानं नाय सांगवलं."

दुसऱ्या दिवशी नेमाने बॅग भरली. संस्थेच्या वसतिगृहात तिला एक कॉट मिळाली होती. सरलाबाई फाटकापर्यंत गेल्या. शेजारीपाजारी काय म्हणतील, एवढीच धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून नेमाच्या हातात दिले. म्हणाल्या, तुझा आवडता ना, घेऊन जा, आमची आठवण राहील. मित्रांनो, ओकारी येते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

नेमाने कागद सोडवला आणि मला फाटकाच्या खांबावर नीट ठेवले.

"नको आंटी," ती सावकाश मराठीत म्हणाली. "हा कप तुमचा आहे."

तेव्हापासून नवशी या घरचा चहा घेत नाही. काम करते आणि जाते. मी पुन्हा कट्ट्यावर आहे. वरच्या खोलीला नवा भाडेकरू शोधताहेत, आणि सरलाबाईंनी कालच मला घासून पालथे घातले आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेन म्हणून.

जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. तुमच्याही घरी मागच्या दारी, नाहीतर खिडकीच्या कोपऱ्यात, माझा एखादा भाऊ असेल. तो कुणाचा, ते घरात विचारून पाहा. आणि मग एक करा. तुम्ही लहान आहात, तुमच्या हातून कप फुटला तर फार तर पाठीत एक धपाटा बसेल. तेवढा खा. पण त्याला फोडा.