अश्लेषाची रीत

दरवर्षी मे महिन्यात, कॅम्पच्या पहिल्या सकाळी, दीडशे पोरांसमोर उभी राहून मी एक गोष्ट सांगते आणि ती सांगताना माझ्या पोटात दुखतं. घडल्याला बावीस वर्षं झाली, दुखणं कमी झालेलं नाही. गोष्ट अश्लेषाची आहे. अश्लेषा किती मोठ्या मनाची होती, अश्लेषानं हातातली घंटा कशी देऊन टाकली. पाठांतराची ताई मी, म्हणून सांगायचं काम माझ्याकडेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आमचा कॅम्प शेंदूरजनाघाटच्या बाहेर, मिशनच्या जुन्या शाळेत भरतो. चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा, पण मे महिन्यात त्यांचं पाणी तोडलेलं असतं, झाडं मलूल उभी असतात. सावली काय ती आवारातल्या पाच कडुनिंबांची. सकाळी सहाला थाळी बडवून उठवतात. प्रार्थना, पोहे, मग वर्ग. ऊन चढलं की सक्तीची झोप, जी कोणी झोपत नाही. जेवायला भाकर आणि आलूचा रस्सा, सहाही दिवस, आणि तरी पोरं घरी जाऊन त्याच रश्श्याची आठवण काढतात.

आणि घंटा. पितळेची, चांगली कढईएवढी, आवाराच्या मधोमध लाकडी चौकटीला टांगलेली. वर्षातून एकदाच वाजते, शेवटच्या दिवशी, रविवारी, निरोपाच्या उपासनेआधी. त्या वर्षासाठी नेमलेली बायबलमधली चाळीस वचनं जो न अडखळता म्हणेल, त्यानं तिची लांबलचक दोरी ओढायची. मग चौकटीच्या लाकडावर पांढऱ्या रंगानं नाव लिहायचं. आमच्या घरची तीन नावं आहेत त्यावर. आजोबा, आई आणि माझा मोठा भाऊ धर्मेंद्र. धर्मेंद्रनं वाजवली तेव्हा आईनं अख्ख्या कॅम्पाला पेढे वाटले होते. मी लहान असताना आई त्या नावांवरून बोट फिरवायची आणि खालच्या कोऱ्या जागेवर थांबायची. "इथं आपली रूपाली," म्हणायची.

मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी मी नाताळ संपल्यावरच पाठांतराला लागले. आंघोळ करताना, भांडी घासताना, अमरावतीच्या बसमध्ये, जिथे तिथे वचनं. एप्रिल संपता संपता चाळीसच्या चाळीस तोंडात बसली. माझ्या तोडीचं दुसरं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि बाकीच्यांनाही.

तेव्हा आईनं अश्लेषाला आणलं. माझ्या सख्ख्या आईनं.

अश्लेषा अकोल्याच्या जुन्या शहरातली. तिची आई, शैला मॅडम, माझ्या आईबरोबर एकाच शाळेत शिकवायची. आजोबा कमलाकांत गुरुजी, घरोघरी पूजा सांगणारे. उन्हाळ्यात पोरगी घरात कंटाळते, तर सहा दिवस आमच्या रूपालीबरोबर पाठवा, असं आईनं सहज म्हटलं आणि शैला मॅडम हो म्हणाल्या. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले म्हणे, "पाठांतर करून घेतात ना? मग जाऊ द्या."

तिनं पहिल्याच दिवशी वचनांचा कागद मागून घेतला. त्यातलं एकही वचन तिनं जन्मात ऐकलेलं नव्हतं. निंबाखाली मांडी घालून बसली, डोळे मिटले, आणि एक ओळ म्हणायची, मग पुढची ओळ मागचीला जोडून म्हणायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आजोबांनी लहानपणापासून असंच बसवलं होतं तिला. मंगळवारी आलेली पोरगी शुक्रवारी चाळीस वचनं म्हणत होती. माझे चार महिने आणि तिचे चार दिवस.

वर मलाच अर्थ विचारायची. "रूपाली, मेंढपाळ म्हणजे तुमच्याकडे देव का गं?" मी सांगायची. सांगताना वाटायचं, हे माझ्या आजोबांचं, माझ्या आईचं, माझं. ही कोण आयत्या बिळावर नागोबा? आणि ती वाईटही नव्हती. वाईट असती तर किती बरं झालं असतं! पण ती माझ्याच गादीवर झोपायची, माझी वेणी घालून द्यायची, घरून आणलेल्या शेवेतला मोठा वाटा मला द्यायची. मी शेव खायची आणि मनातल्या मनात तिला ताप यावा म्हणून प्रार्थना करायची. अशी प्रार्थना देवानं ऐकली नाही, हे देवाचं बरोबरच होतं.

शनिवारी दुपारी, सगळे झोपेचं सोंग घेऊन पडलेले असताना, आम्ही दोघी निंबाखालच्या रांजणाजवळ बसलो होतो. तिनं चाळीसही वचनं एका दमात म्हणून दाखवली. मी कान टवकारून एक तरी चूक शोधत होते. एकही नव्हती.

"उद्या तूच येशीन पहिली," मी म्हटलं.

"तूसुद्धा येशील की."

"पण तुले इथली रीत मायीत हाय का?"

"कसली?"

मला तोपर्यंत माहीत नव्हतं की मी काय बोलणार आहे. पण जीभ पुढे गेली. "जी पहिली येते ना, ते सोता घंटा वाजवत नाई. ते दुसऱ्याले देते. पयल्यापासून तशीच रीत हाय."

अश्लेषा गंभीर झाली. तिच्या घरात रीत म्हटलं की संपलं, पुढे प्रश्न नसतो. "कोणाला द्यायची?"

इथे मी गाढवपणा केला. 'दुसरी येते तिला द्यायची' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते फारच उघडं दिसलं असतं, आणि मला खोटं बोलतानाही सभ्य दिसायचं होतं. म्हणून मी म्हटलं, "जिले सगळ्यात जास्त गरज हाय, तिले."

आणि मनात म्हटलं, मलाच देईल. माझ्याशिवाय इथे ओळखते कोणाला?

रविवारी सकाळी, सगळ्यांच्या घरची माणसं आल्यावर, पाठांतर झालं. सगळ्यात आधी लहान पोरं. पिंकी नावाची सात वर्षांची मुलगी दुसऱ्याच वचनाला अडली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली आणि बाकाखाली शिरून रडत बसली. मग माझी पाळी आली. अडतीस वचनं घडाघडा म्हटली. एकोणचाळिसाव्याला समोर अश्लेषा दिसली, माझ्याबरोबर ओठ हलवत, मला मदत करत. मी चिडले आणि चुकले. मग ती उठली आणि चाळीसच्या चाळीस म्हणून खाली बसली.

कॅम्प चालवणारे सूर्यभान मामा घंटेपाशी गेले आणि त्यांनी दोरी तिच्यापुढे धरली. तिनं हात मागे घेतला.

"मामा, मी पिंकीला देते."

"काहून?"

"इथली रीतच आहे ना. जी पहिली येते ती वाजवत नाही. जिला सगळ्यात जास्त गरज आहे तिला देते."

मामांची नजर सगळ्यांवरून हळूहळू फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी चपलेकडे पाहत राहिले.

"हो," मामा म्हणाले. "रीत हाय. आमीच विसरलो होतो."

पिंकीला बाकाखालून ओढून काढलं. ती दोरीला लोंबकळली, दोन्ही पाय वर, आणि घंटा अशी वाजली की बागेतले मजूर कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बायका डोळे पुसत होत्या. माझी आईसुद्धा. तिनं अश्लेषाला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला, त्याच हातानं, ज्या हाताचं बोट कोऱ्या जागेवर थांबायचं. त्या जागेवर पिंकीचं नाव लागलं. मी निंबामागे जाऊन रडले, आणि लोकांना वाटलं मलाही भरून आलं.

पुढच्या वर्षीपासून ती रीत पक्की झाली. आजूबाजूच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आमच्या कॅम्पचं नाव झालं, ते याच रीतीमुळे. आता सगळ्याच धर्मांच्या घरची पोरं येतात. अश्लेषा पुन्हा कधी आली नाही. नागपुरात डॉक्टर आहे. नाताळला न चुकता मेसेज पाठवते, 'तुमच्या कॅम्पची ती सुंदर रीत आठवते.' मी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि तासभर घरातल्यांवर खेकसते.

मामांनी मला कधीच काही विचारलं नाही. फक्त मला पाठांतराची ताई केलं त्या दिवशी म्हणाले, "थे रीतीची गोष्ट तूच सांगत जाय, रूपाली. तुले नीट मायीत हाय." मामा जाऊन सहा वर्षं झाली. पण शिक्षा दिली ती जन्मठेपेचीच.

यंदा माझी मुलगी सुवार्ता दहा वर्षांची होती. चाळीस वचनं तिला शुक्रवारीच आली. आई आता सत्तरीची, गुडघे गेलेले, तरी हट्टानं आली होती. चौकटीजवळ खुर्ची टाकून बसायची आणि लाकडाकडे बघायची. बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी सुवार्ता माझ्याजवळ येऊन बसली. रांजण तोच, निंब तोच.

"आई, मले घंटा वाजवायची हाय."

"मग?"

"मग काय? पहिली आली तर देऊन टाका लागते. मी एवढं पाठ कायले केलं? आजीचं नाव हाय, धर्मेंद्रमामाचं हाय. थ्या अश्लेषाताईनं काहून अशी रीत काढली?"

पोरीच्या तोंडून माझंच पोट बोलत होतं. बावीस वर्षं मी दाबून ठेवलेलं एका झटक्यात वर आलं. आणि प्रामाणिकपणाचा उमाळा वगैरे काही नव्हता तो, हे आधीच सांगते. मला माझ्या पोरीचं नाव त्या लाकडावर हवं होतं, बस.

"अश्लेषानं नाई काढली," मी म्हटलं. "मी काढली. खोटी हाय ते."

सगळं सांगितलं. ताप यावा म्हणून केलेली प्रार्थना, एकोणचाळिसावं वचन, निंबामागचं रडणं. हेही सांगितलं की दुसरं येणाऱ्याचं तोंड कसं होतं. ओठ दातात धरलेला, मान ताठ, सगळे आपल्यालाच बघताहेत असं वाटतं आणि बघत कोणीच नसतं.

सुवार्तानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मी वाजवली तरी चालते?"

"वाजव. मी सगळ्यांले खरं सांगीन." आणि खरंच सांगितलं असतं. एवढी वर्षं जे माझ्या आत्म्यासाठी जमलं नाही ते पोरीच्या नावासाठी जमणार होतं.

ती उठली. दोन पावलं गेली आणि वळली. "पण आई, अश्लेषाताईले मायीत नव्हतं ना, ते खोटं हाय म्हणून?"

"नाई."

"मंग तिनं तर खरंच देली."

असं म्हणून ती पाणी प्यायला निघून गेली. मी तिथंच बसले. बावीस वर्षांत ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, पण हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. सुचू दिलं नव्हतं म्हणा.

रविवारी सुवार्तानं चाळीसच्या चाळीस म्हटली. तिच्या आधी भातकुलीची आरती सदतिसाव्या वचनाला चुकली होती. मामांच्या जागी आलेले नवे दादा दोरी घेऊन पुढे आले. सगळ्यांच्या माना लहान पोरांच्या रांगेकडे वळल्या, कारण घंटा तिकडेच जाते, हे ठरल्यासारखंच झालंय. शिवम नावाचा चिमुरडा तर आधीच चप्पल काढून तयार होता. मी उभी राहिले. घसा साफ केला. सांगायचं ते तोंडाशी आलं होतं.

सुवार्तानं दोरी हातात घेतली. क्षणभर मला वाटलं, वाजवते. मग ती सरळ मधल्या रांगेत गेली आणि तिनं दोरीचं टोक आरतीच्या हातात दिलं.

आरतीला काही कळेना. तिनं मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला दिलीय की काय म्हणून. मग जी दोरी ओढली!

खरं सांगते, त्या घडीला मी त्या अकरा वर्षांच्या आरतीवर जळले. तेहतीस वर्षांची बाई मी, पाठांतराची ताई, आणि तिचा हात दोरीवरून ओढून काढावा असं मला वाटलं. माझी होती ती दोरी. बावीस वर्षांपूर्वी अशीच, इथेच, कोणीतरी मधल्या रांगेत येऊन द्यायला हवी होती.

घंटा थांबली तेव्हा सुवार्ता माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती.

"आरतीले काहून देली?" मी विचारलं.

"तिचं तोंड नाई पाह्यलं तू? काल सांगतलं ना तुनं, तुयं कसं झालं होतं. अगदी तस्संच."

मी खाली बसले आणि तिच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून रडले. या वेळी निंबामागे गेले नाही.

आई खुर्चीतून वाकून सगळं बघत होती. तिनं सुवार्ताच्या पाठीवर हात ठेवला. "पोट्टी अश्लेषावर गेली बाप्पा," ती म्हणाली.

"नाई," मी म्हटलं. "अश्लेषानं दुसरी आली तिले नव्हती देली."