तिसरा प्रश्न

चपलेला नाडी नसते. तरी त्या गुरुवारी ऑफिसच्या जिन्यात, मधल्या वळणावर, प्रतापराव वाकून चपलेशी उगाच झटापट करत राहिले. मागून येणाऱ्या भव्याने वडिलांचा दुसरा हात पाहिला. कठडा इतका घट्ट धरला होता, की बोटं पांढरी पडली होती.

"अण्णा?"

"स्वल्प, जरासा थांबलो, झालं. तू चल पुढे."

ती पुढे झाली. वर पोचेपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं.

१९९९चा नोव्हेंबर होता. कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले प्रतापराव बनशंकरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाची नवी रीत शिकवायला येत. वर्षभराचा आराखडा आखून शेवटी तोंडघशी पडण्यापेक्षा कामाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा गिऱ्हाइकाला चालवून दाखवायचा, आणि रोज सकाळी सगळ्यांनी रिंगण करून उभ्या उभ्या सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. भव्या त्याच गटात प्रोग्रामर होती. बसवनगुडीहून बापलेक एकाच ऑटोने येत. ऑफिसात सगळेच त्यांना अण्णा म्हणत, त्यामुळे तिला वेगळी हाक शोधावी लागली नव्हती.

रिंगण जमलं. प्रतापराव नेहमीसारखे खिडकीपाशी उभे राहिले.

"पुरुषोत्तम, कुठे अडलंय?"

"टेस्टिंगच्या मशीनपाशी, अण्णा. दोन हजार सालाची, वाय-टू-केची दुरुस्ती करणारे त्याला चिकटून बसलेत. उठायचं नाव नाही."

"आता जग बुडाल्यावरच उठतील," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"भव्या?"

खिडकीतून गार वारा येत होता, तरी अण्णांच्या ओठावर घाम होता. शिकवणाऱ्याने फक्त विचारायचं, स्वतःचं काही सांगायचं नाही, हा त्यांचाच नियम. 'मी बोलायला लागलो, की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून बोलाल,' असं ते म्हणत. त्यामुळे रिंगणात तिसरा प्रश्न एकट्या त्यांनाच कुणी विचारत नसे. आज तो विचारायला हवा, हे तिथे फक्त तिला कळत होतं. पण चारचौघांत विचारलं तर ते ओशाळतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, खरं उत्तर देतील.

"काही नाही, अण्णा."

"काही अडलं नाही म्हणणाऱ्याला मी जास्त भितो हं," ते हसून म्हणाले. "सरी, ठीक आहे, लागा कामाला."

दुपारी ते तिच्या टेबलापाशी आले. "मी घरी जाऊन जरा पडतो."

"मी येऊ?"

"तुझा तुकडा उद्या दाखवायचाय ना? बस."

ती बसली. त्यानंतर पुरुषोत्तमच्या टेबलावरचा फोन वाजला, की तिची बोटं कीबोर्डवर थिजत. एकदा गिऱ्हाईक होतं, एकदा चुकीचा नंबर. मग पुरुषोत्तमने रिसीव्हर तिच्याकडे धरला, आणि त्याचा चेहरा बघूनच तिला उठवेना.

"भव्या," पलीकडून आईचा आवाज आला, "अण्णा उठत नाहीयेत गं."

तेरावं झाल्यावर ती कामावर परत आली. जिन्यातल्या वळणावर कठड्याला हात लागू नये म्हणून भिंतीला घासून वर चढली. वरती रिंगण तयारच होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण खिडकीपाशी एका माणसाची जागा मोकळी सुटली होती. आता प्रश्न पुरुषोत्तम विचारत होता.

"भव्या, तू आज नुसतं ऐकलंस तरी चालेल," तो हळूच म्हणाला.

तिने नकारार्थी मान हलवली. काल काय केलं आणि आज काय करणार, ते नीट सांगितलं. मग तिसरा प्रश्न आला. तीच भीती, तशीच, परत आली होती. भ्यायला आता उरलं काय होतं?

ती खिडकीकडे वळली.

"अण्णा," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मला भीती वाटतेय. तुमचं कुठे अडलंय?"