धामेच्या डोहावरची मोजपट्टी

‘गेल्या नऊ वर्षांत या डोहातून मापापेक्षा आखूड मासा एकदाही नेण्यात आलेला नाही. मासे घटले आहेत ते केवळ ढिवरांच्या जाळ्यांमुळे.’ मित्रांनो, गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाच्या १९८३ च्या अहवालातली ही वाक्ये आहेत. त्यांतले पहिले वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच ते दुसऱ्याहून अधिक लबाड आहे. त्याची साक्षीदार मी आहे. मला तोंड नाही, ही मंडळाची मोठीच सोय.

मी एक जुनी सागवानी मोजपट्टी आहे. पवनारच्या खालच्या अंगाला, धाम नदीच्या डोहाकाठी, एका बाभळीला टांगलेली. १९७४ साली एका सुताराने मला घडवले. माझ्या एका टोकाला उभा ठोकळा आहे. मासा माझ्यावर निजवून त्याचे तोंड त्या ठोकळ्याला टेकवायचे. शेपटी माझ्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचली नाही, तर त्याला पाण्यात परत सोडायचे. माझी लांबी कुणाच्या लहरीने ठरलेली नव्हती. एवढी वाढल्यावाचून मरळ अंडी घालत नाही, आणि जिची एकही वीण झाली नाही तिला मारू नये, एवढाच त्यातला विचार.

नियम आणखीही होते. मासा ओल्या हातानेच धरायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि सोडलेला मासाही पुढे मरतो. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका वर आला, की तिथे गळ टाकायचा नाही; खाली आईबाप राखण करीत असतात.

हे सारे मंडळाचे सचिव अच्युतराव यांनी ठरवले. ते वर्ध्याला महाविद्यालयात शिकवत. त्याच डोहात तानाबाई ढिवरिणीच्या घरची जाळी लागत. ती मला पाहून हसे.

“मास्तर, मासे धरता का पोलीसभरती करता? उंची मोजून राह्यले!”

“आज सोडलेला उद्या तुमच्याच जाळ्यात येईल, तानाबाई.”

“मंग तं मोजा बापा, चांगलं मोजा!”

तिने थट्टा केली खरी. पण पुढच्या जाळ्याचे डोळे तिने मोठे विणले. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग मंडळाने स्पर्धा भरवल्या. पाहुणे आले, चषक आले. पिल्लांवरून गळाला लावलेला बेडूक फिरवला की राखणीची मरळ झडप घालते, हे पाहुण्यांना फार गमतीचे वाटले. आईबाप गळाला लागले, पिल्ले इतर माशांनी खाल्ली. निघणारी मरळ दर साली लहान होत गेली. तेव्हा अच्युतरावांनी करवत आणली. पुढेही आणली, शेवटची अहवालाच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. प्रत्येक वेळी मी आखूड झाले आणि प्रत्येक मासा नियमात बसला.

अहवालावरून जाळीबंदीचा हुकूम निघाला. मत्स्यखात्याचे साहेब जीपने आले, सोबत अच्युतरावही होते. तानाबाईने मला बाभळीवरून उतरवून त्यांच्यापुढे धरले.

“साहेब, सारी पट्टी काळीभोर, अन् हे टोक काऊन पांढरं?”

“लाकूड आहे, बाई. झिजतं.”

“झिजलं तं गोल होते, साहेब. हे कापलं हाय. डोह बंद झाला तं आमी पोट कशानं भराव?”

“हुकूम झालेला आहे,” साहेब म्हणाले, आणि जाळी जीपमध्ये चढली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला हात असते, तर ती करवत मी अडवली असती. तुम्हाला हात आहेत. मासा लहान निघाला, तर त्याला वाढू द्या. माप जिथे आहे तिथेच राहू द्या.

तानाबाई मग अच्युतरावांकडे वळली. “मास्तर, तुमीच कापली ना?”

साहेब ऐकत उभे होते. अच्युतराव जराही न अडखळता म्हणाले, “हो, मीच कापली. मासे लहान निघू लागले, पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? पण नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही.”