मावशी शिंकल्या

सुभद्राबाईंना माणसं लक्षात राहत ती त्यांनी फोडलेल्या काचेवरून. निघोज्याजवळच्या ज्युनिअर कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या मावशी म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती. गावातला डॉक्टर म्हणजे दोन ब्युरेट, बँकेतली मॅडम म्हणजे एक बीकर. बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलांनी ओळखायच्या सॉल्टच्या पुड्या त्याच बांधत, पण कुठल्या पुडीत काय, हे त्यांच्या तोंडून कधी कुणाला कळलं नव्हतं. महिनाअखेर रिटायर व्हायचं होतं. स्वच्छ नावानं घरी जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि यंदा नेमकी त्यांची नात नेहाच परीक्षेला बसली.

बाहेरून आलेले परीक्षक होते ज्योतीराम सर. सुभद्राबाईंनी त्यांना दारातच ओळखलं. शहाण्णवची बॅच, तीन टेस्टट्यूब आणि एक फ्लास्क.

"नात आहे म्हणे तुमची," सर म्हणाले. "एक खूण जरी दिसली तरी बोर्डाला कळवीन."

"कळवा की! आमी काय भितो व्हय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण उगाच भुवई हलायला नको म्हणून त्या वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या.

खिडकीखाली वडापावची गाडी होती. दहाच्या चहाला शेजारच्या कंपनीतली माणसं बाहेर पडायची वेळ झाली, तशा गाडीवाल्यानं मिरच्या तेलात सोडल्या. सुभद्राबाईंनी नाक दाबलं, पदर लावला, देव आठवले. तरी दोनदा शिंकल्याच. तेही दणकून.

मागून परीक्षेला बसलेल्या विक्कीची कुजबुज ऐकू आली, "अमोनियम, भावा! झोंबऱ्या वासाची खूण केली मावशींनी." आणि भराभरा पेनं चालू लागली. सुभद्राबाईंना वळून 'न्हाई रं' म्हणता येईना. तीही खूणच झाली असती.

सरांनी पेपर तपासायला घेतले.

"सिद्धेश, निळंशार मोरचूद आहे तुझ्या पुडीत. शेतकऱ्याचं पोर ना तू? फवारतात की तुमच्याकडे."

"हो सर."

"मग अमोनियम कसं लिहिलंस?"

"मावशी शिंकल्या, सर."

बारा पुड्या बारा तऱ्हेच्या, आणि अकरा जणांनी अमोनियम लिहिलं होतं. नेहानं एकटीनं शिसं लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं.

"एकच बरोबर, तीही नात," सर सावकाश म्हणाले. मग नेहाकडे वळले. "तू का नाही लिहिलंस अमोनियम?"

"सर, आजी मिरचीला दोनदा शिंकते. अमोनियाला ती शिंकत नाही, शिव्या देते." नेहानं उरलेल्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब टाकले. नळीत हळदीसारखा पिवळाधमक साका उतरला. "पिवळा आला म्हणजे शिसं. आणि हे मी स्वतः केलंय."

सर खिडकीशी गेले, खाली वाकले आणि जोरात शिंकले. डोळे पुसत परत आले आणि नेहाच्या पेपरवर सही केली.

"शेहाण्णवला तुमीबी माझ्या तोंडाकडंच बघत बसला हुता," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "तवाबी चुकलाच हुता."

दुपारच्या बॅचला पुन्हा भानगड नको म्हणून त्या नाकावर घट्ट मास्क बांधून आल्या. पहिल्या टेबलावरच्या निशिगंधानं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"मास्क लावलाय! म्हणजे नासक्या अंड्यांचा वास. सल्फाइड लिही."