बस का बसते?

वाशीमकडच्या मालेगावात अजितकुमार शेठच्या गाड्यांच्या आवारात दुपारी दोनपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध त्यांची पांढरीशुभ्र लक्झरी बस, तिच्या डाव्या अंगाला गादीवर फुत्कारबाबा, आणि बाबांपुढे नारळांचा ढीग. इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता. मागच्या डाव्या चाकाजवळून ‘फुस्सऽऽ’ असा बारीक आवाज येत होता.

“ऐकून राह्यले का? नागराज हाये आत!” बाबांनी बाही सावरता सावरता मनगटाकडे ओझरतं पाहिलं आणि आवाज चढवला. “म्या म्हनलं का वाक, तं वाकन! बस! बस म्हनतो तुले!”

आणि बस खरोखर बसली. तिचा मागचा डावा कोपरा हळूहळू खाली गेला आणि अख्खी गाडी बाबांच्या बाजूला झुकली. बायांनी पदर पसरले, खुद्द शेठनी हात जोडले. ड्रायव्हर रवीचे हात मात्र जोडले गेले नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी मेडशीजवळ या गाडीची एक नळी जोडावरून निसटली होती. असल्या गाड्या रबरी फुग्यांवर तरंगतात. त्या फुग्यांना हवा पुरवणारी ती नळी. गाडीच्या सामानाचं दुकान बंद होतं. शेजारी पाण्याच्या फिल्टरचं दुकान उघडं होतं. तिथला पांढरा प्लॅस्टिकचा जोड रवीनं आणला, नळी खटकन आत गेली आणि गडी खूश झाला. उद्या पितळी टाकू, असं त्यानं ठरवलं. तो उद्या उगवायच्या आत उभी गाडी झुकली, आणि समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या बाबांना तिच्यात नाग दिसला. गाडीखाली कोणी जायचं नाही, असा शेठचा हुकूम सुटला. चूक कबूल करावी तर नोकरी जाणार, आणि एवढ्या भक्तांपुढे तोंड उघडावं तर कातडं जाणार. रवी गप्प बसला.

पण आज चार वाजता याच गाडीतून अडतीस म्हातारी माणसं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकोल्याला निघायची होती. मागच्या डाव्या खिडकीत रवीची आई, चंपाबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसलीही होती. वाटेत पातूरचा घाट. तिथल्या वळणावर नळी सुटली तर फुगा एका दमात रिकामा होणार आणि भरली गाडी दरीच्या बाजूला कलणार.

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या पौर्णिमा मॅडम पेशंटांना सोबत म्हणून निघाल्या होत्या. त्या गर्दीतून पुढे आल्या.

“बाबा, इंजिन चालू असलं का नागराज काहून वाकत नाहीत?”

“नागाले इंजिनचा आवाज खपत नाही!”

“अन् बस म्हनाच्या आधी तुमी घड्याळ कायले पाह्यता?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा ताडकन उठले. मॅडमनी टपरीवरून साबणाच्या पाण्याची बादली आणलेली पाहून तर त्यांचा आवाज फाटला.

“जो खाली जाईन, त्याच्या पापानं आज घाटात अडतीस मढे पडतीन!”

झालं! दोन म्हातारे रडत खाली उतरले. एकानं मॅडमच्या हातातली बादली हिसकावली. शेठही घाबरले. “मॅडम, तुमी बाजूले व्हा. रवी, चावी लाव. गाडी काढ.”

चावी रवीच्या मुठीत घामानं ओली झाली होती. त्यानं वर खिडकीकडे पाहिलं.

“शेठ,” तो म्हणाला, “तो नाग म्या बसवला.”

आणि कोणी अडवायच्या आत चावी मॅडमकडे टाकून, म्हाताऱ्याच्या हातची बादली घेऊन तो गाडीखाली घुसला. मॅडमनी इंजिन लावून हवा भरून घेतली. जोडावर साबणाचं पाणी पडताच भाताला उकळी यावी तसा फेस आला. सगळ्यांनी वाकून वाकून पाहिला. मग हवा सोडून रवीनं पांढरा तुकडा बाहेर काढला. तो हातोहात फिरत खिडकीत चंपाबाईकडे गेला. तिला दिसत नव्हतं, तिनं बोटांनी चाचपला.

“रव्या, हे तं आपल्या पान्याच्या मशीनचं हाये न!”

“हो न, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “नळी सहा मिलिमीटरची, जोड पाव इंचाचा. फरक नखाच्या जाडीएवढा. पन हवेले तेवढी फट लय झाली.”

रवीनं नळीचं चरे पडलेलं टोक सरळ कापलं, आणून ठेवलेला सहा मिलिमीटरचा पितळी जोड लावला, नळी तळापर्यंत दाबली. साबण लावला, एक बुडबुडा नाही. हवा भरून इंजिन बंद केलं.

“आता बसवा, बाबा.”

बाबा बस बस म्हणून घसा कोरडा करत राहिले. अर्धा तास गेला. गाडी जागची हलली नाही.

“विटाळ झाला!” बाबा किंचाळले. त्यांचं बोट मॅडमकडे होतं. “नाग निघून गेला!”

मॅडमचा चेहरा ताठ झाला, पण आवाज चढला नाही. “सगळ्यायनं आयकलं न? नाग गेला. रवी, तो पांढरा जोड लाव परत.”

पुन्हा हवा भरली, इंजिन बंद केलं. या वेळी बाबांना एक अक्षर बोलू दिलं नाही. अठराव्या मिनिटाला गाडी त्याच कोपऱ्यावर बसली. मग एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन ढिगातून आपला नारळ उचलला, आणि सगळेच आपापला शोधू लागले. पितळी जोड परत चढेपर्यंत बाबांची नुसती गादी उरली होती.

“पंधरा दिवस काहून नाही बोलला?” शेठनी विचारलं.

“भेव वाटलं, शेठ. आधी तुमचं, मंग या गर्दीचं.”

शेठ खाली पाहत म्हणाले, “मले बी वाकून पाहाचं सुचलं नाही. जा, बुढ्यायले सांभाळून ने.”

गाडी उशिरा निघाली आणि घाट सरळ पार करून गेली. रवीची चूक अर्ध्या मिलिमीटरचीही नव्हती. पण वाकून पाहायला मनाई होती, म्हणून तिच्यासमोर पंधरा दिवस नारळ फुटले. लोकहो, जिथं तपासू नका म्हणतात, तिथंच आधी तपासा. आणि चूक आपल्या हातची असेल तर त्याच दिवशी सांगून टाका. दुसऱ्या दिवशी तिला शेंदूर लागलेला असतो.