तीन आटे

त्र्यंबकराव टिपणीस कल्याणला राहत आणि ठाण्याला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. पूल, मोऱ्या, शाळांच्या इमारती यांचे नकाशे काढण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यांच्या नकाशात सुताचाही फरक सापडायचा नाही, असं कचेरीत म्हणत. बावन्न साली कल्याणातल्या एका पारशी डॉक्टरने आपली जुनी मोटार विकायला काढली आणि त्र्यंबकरावांनी ती घेतली. आळीत दुसऱ्या कुणाकडे मोटार नव्हती.

घेतली खरी, पण त्यांना स्वतःला ती चालवायला काही केल्या जमेना. गिअर बदलायची वेळ आली की त्यांचे पाय एकमेकांत अडकत. शिकली ती त्यांची मुलगी. हेमा तेवीस वर्षांची होती, इंटर झालेली आणि एकुलती एक. डॉक्टरांच्या जुन्या ड्रायव्हरने तिला महिन्याभरात तयार केलं, तिने लायसन्सही काढलं. मग रविवारी साडीचा पदर खोचून हेमा स्टिअरिंगमागे बसे आणि त्र्यंबकराव शेजारी, छाती काढून. कुणी विचारलंच तर म्हणत, "मला काय विचारता? गाडी आमची हेमा चालवते."

मोटारीचे टायर मात्र पार गुळगुळीत झाले होते. तेवढ्यात कल्याण कॅम्पातल्या लष्करी सामानाचा लिलाव निघाला आणि त्र्यंबकरावांनी तिथली चार रुंद, दणकट चाकं उचलली. चाकांची भोकं हबला, म्हणजे चाक बसतं त्या बैठकीला, जुळली. पण टायर इतके रुंद, की पुढची दोन्ही चाकं आतून स्प्रिंगला घासू लागली.

महिपत मिस्त्रीचं लेथ स्टेशनच्या पश्चिमेला होतं. त्याने सुचवलं, की हब आणि चाक यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची लोखंडी चकती घालू, म्हणजे चाक तेवढं बाहेर येईल. त्या चकतीला तो स्पेसर म्हणायचा. त्याने दोन स्पेसर कातून बसवले, चाक चढवलं, नट आवळले आणि तिथेच मांडी घालून बसला.

"साहेब, हे बरोबर नाही," तो म्हणाला. "हबमधून बाहेर आलेले हे आट्यांचे स्टड आखूड पडलेत. नट तीनच आटे धरतोय. नट जेवढा जाड, तेवढे तरी आटे त्याच्या पोटात पाहिजेत. लांब स्टड मुंबईहून मागवू. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस? अहो, परवा दसरा आहे."

"दसऱ्याला गाडी दारात उभी करून पूजा करा की. चालवू नका म्हणजे झालं."

पण दारात उभ्या गाडीची पूजा करायला कुणाला आवडणार? त्र्यंबकराव म्हणाले, "मिस्त्री, दसरा होऊ द्या. मग बदलू." महिपतने मान हलवली आणि पाना खाली ठेवला.

दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून गाडी कल्याणभर फिरली. काही झालं नाही. दिवाळी झाली, तेव्हाही काही झालं नाही. मग मागवायचे स्टड मागवायचे राहूनच गेले. एकदा शहाडहून परतताना हेमा म्हणाली, "नाना, डावीकडे काहीतरी हादरतंय. स्टिअरिंगला लागतंय हाताला." त्र्यंबकराव म्हणाले, "तुझा हात अजून कच्चा आहे. रस्ता खराब आहे, दुसरं काय!"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते तिघं टिटवाळ्याला गणपतीला निघाले होते. हेमाची आई सुमतीबाई मागच्या सीटवर नारळ-फुलांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. आंबिवलीच्या पुढे वळणावर गाडी एकाएकी डावीकडे बसली. लोखंड रस्त्यावर खरडल्याचा आवाज झाला. हेमाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं, म्हणून गाडी खाली शेतात गेली नाही. पण सुटलेलं पुढचं चाक उड्या मारत पुढे गेलं. रस्त्याच्या कडेने हौसाबाई नावाची आगरी बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालली होती. चाक तिच्या पायावर आदळलं. गुडघ्याखाली हाड मोडलं. मेथी, मुळे सगळे धुळीत पसरले.

त्र्यंबकराव खाली उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसला तो हब. स्टड जागच्या जागी होते, फक्त टोकाकडचे तीन आटे चोळामोळा होऊन चकाकत होते. त्यांना सगळं कळलं. एका क्षणात कळलं.

शेतांतून माणसं धावत आली. "बाई चालवत होती," कुणीतरी म्हणालं. "बाईमाणसाच्या हातात मोटार दिल्यावर काय होणार!" हेमा हौसाबाईचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसली होती. तासाभराने फौजदार आले, पंचनामा सुरू झाला. त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

आणि त्र्यंबकराव म्हणाले, "मुलगी नवशिकी आहे. खड्डा दिसला नसेल. घाबरली आणि एकदम ब्रेक दाबला, त्यात चाक निखळलं."

हेमाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली घातली.

त्या वाक्याला दोन श्वासही लागले नव्हते. ते का बोलले, हे त्यांना पुढे किती वेळा विचार करूनही नीट सांगता आलं नाही. सरकारी नोकरी, कचेरीतला लौकिक, सुताचाही फरक नसलेले नकाशे, यातलं काय आडवं आलं देव जाणे. लोक आधीच तसं म्हणत होते, यांनी फक्त होकार दिला.

नाना चुकायचे नाहीत, म्हणजे आपलंच चुकलं, असं मानून हेमाने ठाण्याच्या कोर्टात चूक कबूल केली. दंड झाला, समज मिळाली. घरी आल्यावर ती वडिलांच्या पाया पडली आणि म्हणाली, "नाना, माझ्यामुळे तुम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागली." त्र्यंबकरावांना तिच्या डोक्यावर हातही ठेवता आला नाही.

हौसाबाईचं प्लास्टर निघालं तरी पाय वाकेना. हेमा दर शनिवारी आगगाडीने आंबिवलीला जाई, तिच्या पायाला तेल चोळी, घर झाडून देई, पाणी भरून देई. मोटार मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. हेमा तिच्याकडे बघतसुद्धा नसे.

चैत्रात डॉक्टर विमलाबाई घरी आल्या. कल्याणात त्यांचं प्रसूतिगृह होतं. खेड्यांतल्या अडलेल्या बायकांना आणायला त्यांनी जुनी व्हॅन मिळवली होती आणि त्यांना ड्रायव्हर हवी होती ती बाईच. "परक्या पुरुषाबरोबर खेड्यातल्या सासवा सुनेला पाठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "हेमा, तू येशील?"

"माझ्या हातून एका बाईचा पाय मोडलाय," हेमा म्हणाली. "पोटुशी बाई मी कशी गाडीत बसवू? मला स्वतःचा भरवसा नाही हो."

त्र्यंबकराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर ते महिपतकडे गेले. महिपतने लेथ थांबवलं आणि हात पुसत उभा राहिला.

"मी रोज वाट बघतोय, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही बोलाल, मग मी बोलेन. ती चाकं मी चढवायलाच नको होती. मलाही तोंड दाखवायला जागा नाही. पण माझं नाव कागदावर नाही, आणि पोरीचं आहे."

त्या शनिवारी त्र्यंबकराव हेमाबरोबर आंबिवलीला गेले. हौसाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. त्र्यंबकरावांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की चूक हेमाची नव्हती, स्टड आखूड होते, मिस्त्रीने बजावलं होतं, मी ऐकलं नाही, आणि वर खोटं बोललो.

हौसाबाईचे डोळे पाणावले.

"बापूस हायेस, म्हून बोलतंस," ती म्हणाली. "पोरीची चूक आपल्या डोक्यावर घेतंस. आसा बापूस सगल्यांना भेटो."

"नाही हो, मी खरं सांगतोय."

"नाना, पुरे," हेमा हळूच म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला जास्त लाज वाटते."

त्र्यंबकरावांना वाटलं, धरणी दुभंगावी. कल्याणला उतरल्यावर घराकडे न वळता ते हेमाला घेऊन महिपतकडे गेले. महिपतने फळीवरून कापडात बांधलेलं पुडकं काढलं. अपघातानंतर हबमधून ठोकून काढलेले स्टड, नट आणि स्पेसर त्याने जपून ठेवले होते. उजव्या चाकाच्या, आटे शाबूत असलेल्या एका स्टडवर त्याने स्पेसर चढवला, चाकाच्या पत्र्याइतकी वॉशर घातली आणि नट हेमाच्या हातात दिला. "फिरवा, ताई. मोजा."

हेमाने नट फिरवला. एक, दोन, तीन. नट वॉशरला टेकला आणि तिथेच थांबला.

तिने नट उलटा फिरवून काढला. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं होतं, डावीकडे हादरतंय."

"हो."

"तुम्ही म्हणालात, माझा हात कच्चा आहे."

"हो."

"तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

नाही म्हणायला वाव होता. महिपतलाही त्या दिवसाचं काही ठाऊक नव्हतं. त्र्यंबकरावांच्या ओठावर ते आलंही होतं.

"शंका आली होती," ते म्हणाले.

हेमाने नट परत महिपतला दिला आणि एकटीच घरी गेली.

पुढच्या सोमवारी त्र्यंबकराव चौकीवर गेले. नवे फौजदार हसून म्हणाले, "रावसाहेब, प्रकरण केव्हाच मिटलं. मुलीच्या लग्नाची काळजी वाटते, समजतं मला. जा घरी." आळीत त्यांनी आपणहून चार जणांना सांगितलं. चौघांनीही तसाच अर्थ लावला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, "बाप असावा तर असा." शेजारच्या आजींनी तर आपल्या मुलाला त्यांचं उदाहरण दिलं. हेमा हे सगळं ऐकत होती. एकदा ताट वाढता वाढता ती म्हणाली, "आधी माझी चूक होती आणि तुम्ही बिचारे होतात. आता माझीच चूक आहे आणि तुम्ही देवमाणूस झालात."

त्या रविवारी त्र्यंबकरावांनी ड्रॉइंग बोर्ड काढला. स्टड, हब, स्पेसर, चाक आणि नट यांचा उभा छेद त्यांनी मोठ्या मापात काढला. प्रत्येक जाडी लिहिली. नटात किती आटे हवेत आणि किती होते, तेही लिहिलं. खाली मिस्त्रीने कोणत्या तारखेला बजावलं, मुलीने कोणत्या दिवशी हादरा सांगितला आणि पंचनाम्यात आपण कोणतं वाक्य खोटं बोललो, हे ओळीने लिहून सही केली. महिपतनेही सही केली. मायेपोटी माणूस काहीही बोलतो, पण अर्ध्या इंचाचा छेद कुणी मायेपोटी काढत नाही. तो कागद घेऊन ते विमलाबाईंकडे गेले.

विमलाबाईंनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हा मी बाहेरच्या फळ्यावर लावला तर?"

"लावा," त्र्यंबकराव म्हणाले.

कागद महिनाभर फळ्यावर होता. लोकांनी वाचला. रेल्वेतल्या फिटर मंडळींनी बोट ठेवून ठेवून वाचला आणि इतरांना समजावून सांगितला. पाठीवर थाप मारणारे दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. कचेरीत त्यांचे नकाशे आता दुसऱ्याकडून तपासून घेऊ लागले.

आंबिवलीला ते एकटेच गेले. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून स्पेसर-वॉशर चढवलेला स्टड आणि नट बरोबर नेला. तिने नट तीन वेढे फिरवला आणि तो अडला.

"यवढाच?"

"एवढाच."

"आन तुला ठाव व्हता?"

"हो."

हौसाबाईने नट अंगणात भिरकावला. "चार मयनं पोर माझा पाय चोलते!" ती ओरडली. "चल, ऊठ माझ्या ओट्यावरून. पोरीला येऊ दे. तू परत इथं पाय ठेवू नको."

त्र्यंबकराव उठले. नट शोधून घ्यावा असं त्यांना वाटलं, पण वाकायचं धैर्य झालं नाही. ते तसेच स्टेशनकडे चालू लागले.

जूनपासून हेमा विमलाबाईंची व्हॅन चालवू लागली. खडवलीपर्यंतच्या खेड्यांत 'गाडीवाली ताई' म्हणून तिला ओळखू लागले. तिने ती नऊ वर्षं चालवली. वडिलांशी ती घरात बोलायची. औषध घेतलंत का, छत्री न्या, असं. सकाळी त्र्यंबकराव ठाण्याच्या गाडीसाठी स्टेशनला चालत निघत, आणि पुष्कळदा व्हॅन त्याच रस्त्याने जाई. तिने कधी "बसा" म्हटलं नाही, आणि त्यांनी कधी हात केला नाही.